टॉर्पेडो लागल्यावरही माणसे वाचत होती

राष्ट्रीय सागरी दिनाच्या, म्हणजे 5 एप्रिलच्या, सुमारास पुण्यात अनेकांच्या फोनवर एक मजकूर फिरू लागतो. दुसऱ्या महायुद्धात टॉर्पेडो लागलेले व्यापारी जहाज क्षणात बुडे, जे थोडे खलाशी वाचले ते समुद्राचे पाणी पिऊन निव्वळ नशिबाने वाचले, आणि या साऱ्याशी भारतीयांचा संबंध नव्हता, असे तो ठामपणे सांगतो.

पहिले विधान अर्धवट खरे आहे. लोहखनिज भरलेले जहाज मिनिटा-दोन मिनिटांतही तळ गाठू शके, कारण जड खनिजामुळे त्याच्या पोटात बरीच जागा रिकामी राही आणि तिथे पाणी भरे; उलट लाकूड भरलेले जहाज कित्येक तास तरंगत राही. 17 सप्टेंबर 1940 च्या रात्री अटलांटिकमध्ये टॉर्पेडो लागलेले ‘सिटी ऑफ बनारस’ हे ब्रिटिश प्रवासी जहाज बुडायला सुमारे अर्धा तास लागला आणि बोटी पाण्यात उतरवता आल्या. तरीही चारशेहून अधिक माणसांपैकी सुमारे अडीचशे दगावली. संरक्षक युद्धनौका आधीच निघून गेली होती, समुद्र खवळलेला होता, आणि मदत पोचेपर्यंत दुसऱ्या दिवसाची दुपार झाली. बहुतेकांचा जीव घेतला तो या थंडीने आणि विलंबाने.

दुसऱ्या विधानातले नशीबही याच जहाजाच्या संदर्भात तपासता येते. मदतीला आलेल्या विनाशिकेने बोटी मोजताना ‘मरीना’ या दुसऱ्या बुडालेल्या जहाजाची एक बोट बनारसच्या हिशेबात धरली, आणि 46 जणांची 12 क्रमांकाची बोट मागे राहिली. तिच्यात बहुतेक हिंदी खलाशी होते आणि सोबत युद्धापासून दूर कॅनडाला पाठवले जात असलेले सहा मुलगे. बिस्किट आणि पाण्याचे मोजके घोट वाटून घेत त्यांनी आठ दिवस काढले, तेव्हा कुठे ती एका विमानाच्या नजरेस पडली. ती दिसणे हा योगायोग म्हणता येईल, शिध्याची वाटणी मात्र योगायोग नव्हती. 1941 पासून एकत्र जाणाऱ्या जहाजांच्या काफिल्यांच्या मागे खास बचावजहाजे ठेवण्यात आली आणि त्यांनी चार हजारांहून अधिक माणसे उचलली.

खारे पाणी पिण्याचा सल्ला तर घातकच आहे, कारण त्यातले मीठ बाहेर टाकायला मूत्रपिंडे प्यायलेल्या पाण्याहून जास्त पाणी खर्च करतात. तराफ्यावर एकट्याने 133 दिवस काढणारा चिनी खलाशी पून लिम कॅनव्हासवर पावसाचे पाणी साठवून जगला. (त्याची सुटका 1943 च्या 5 एप्रिललाच झाली, हे त्या मजकूरकर्त्याच्या गावीही नसावे.)

भारतीयांच्या संबंधाबद्दल फार वाद घालण्याची गरज नाही. मुंबईहून मोंबासाकडे निघालेले ‘तिलावा’ हे प्रवासी जहाज 23 नोव्हेंबर 1942 रोजी जपानी पाणबुडीने बुडवले. 958 पैकी 280 माणसे गेली, 678 वाचली आणि त्यांना मुंबईतच परत आणण्यात आले. या युद्धात मरण पावलेल्या सुमारे 6,000 हिंदी व्यापारी खलाशांची नावे मुंबईत मशीद बंदरच्या खलाशी गृहातील स्मृतिग्रंथात नोंदलेली आहेत.