ऑडुबॉनची बंदूक कुठे गेली?

'अमेरिकेत जन्मलेल्या जॉन जेम्स ऑडुबॉनने एकही पक्षी न दुखावता, रानात तासन्‌तास बसून जिवंत पक्ष्यांची ४३५ चित्रे काढली आणि पक्षी वाचवायला ऑडुबॉन सोसायटी स्थापन केली.' हा मजकूर सगळीकडे फिरतो आहे. त्यातला आकडा तेवढा खरा.

जन्म १७८५चा, आज हैती म्हणतात त्या फ्रेंच वसाहतीतला. वाढला फ्रान्समध्ये. नेपोलियनच्या सैन्यभरतीतून वाचावा म्हणून बापाने १८०३ साली त्याला पेनसिल्व्हेनियाला धाडले.

'न दुखावता' हे तर साफ खोटे. पक्षी बारीक छर्र्यांनी टिपायचा, कारण जाड छर्र्यांनी पिसांची चाळण होते. मग चौकटी आखलेल्या फळीवर, अंगात तारा खुपसून, उडताना किंवा चोच मारताना असावा तसा तो बसवायचा. कागदावरही तेवढ्याच चौकटी. त्यामुळे माप न चुकता चित्र जिवंत पक्ष्याएवढेच उतरते. घाई मात्र करावी लागे: डोळे, चोच, पाय यांचे रंग काही तासांत उतरतात. कागद साधारण ३९ बाय २६ इंच. उंच रोहित त्यात मावेना, म्हणून त्याची मान जमिनीपर्यंत वाकवली. ज्याला आपण नैसर्गिक डौल म्हणतो, तो कधीकधी कागदाचा हट्ट असतो!

१८३३ साली बोस्टनमध्ये त्याने सोनेरी गरुड जिवंत विकत घेतला. कोळशाच्या धुराने तो मरेना, तेव्हा छातीत टोकदार सळई खुपसली. रानात तो तासन्‌तास बसे हे खरे, पण ते सवयी टिपायला.

रॉकी पर्वतापलीकडचे कित्येक पक्षी तर त्याने रानात पाहिलेच नव्हते. निसर्ग-अभ्यासक टाउनसेंडने तिकडून आणलेली कातडी विकत घेऊन ते रंगवले.

यात त्याला खलनायक ठरवायचे कारण नाही. तेव्हा अभ्यास बंदुकीनेच होई. आपल्या सालिम अलींची सुरुवातही छर्र्याच्या बंदुकीने पाडलेल्या पिवळ्या गळ्याच्या चिमणीपासूनच झाली.

राहिली सोसायटी. ऑडुबॉन १८५१ मध्ये वारला. पहिली ऑडुबॉन सोसायटी १८८६ची, जॉर्ज बर्ड ग्रिनेलने काढलेली. लहानपणी ग्रिनेल ऑडुबॉनच्या विधवेकडे, ल्यूसीकडे शिकला होता. नाव तिथून आले.