रिंग पाहिजे की हार?

"काका, रीथला मराठीत काय म्हणतात?"

पुतणी चौथीत आहे, इंग्रजी शाळेत. नाताळच्या आधी शाळेचं फर्मान आलं: घरातल्या टाकाऊ वस्तूंपासून रीथ, म्हणजे दाराला लावायचं फुलापानांचं गोल कडं, करून आणा आणि खाली मराठी नावही लिहा. मी पेपर वाचत होतो. मान वर न करता सांगून टाकलं, पुष्पचक्र. तिनं लिहूनही घेतलं. तेवढ्यात आतून माझा धाकटा भाऊ, म्हणजे तिचा बाप, ओरडला, "दाराला पुष्पचक्र लावतं का कुणी? कोण गेलं आपल्या घरात?"

बरोबर होतं त्याचं. पुष्पचक्र हा पेपरातला शब्द. 'पुष्पचक्र वाहून मानवंदना' इथपर्यंतच त्याची धाव. ९ सप्टेंबर १९४२ ला नंदुरबारमध्ये शिरीषकुमार आणि त्याच्या चार सोबत्यांनी गोळ्या झेलल्या; तिथल्या स्मारकावर पुष्पचक्र वाहिलं असं वाचलं की शब्द कसा जागेवर बसतो. पण तो घरात आणला की भिंतीसुद्धा सुतकात बसल्यासारख्या वाटतात.

तोंडी तर तो मी एकदाही ऐकलेला नाही. आमचे एक काका फौजेतून निवृत्त झालेले. ते वारले तेव्हा अमळनेरच्या बाजारात फुलं आणायला मीच गेलो होतो. फुलवाल्यानं विचारलं, "रिंग पाहिजे की हार?" मला आधी कळेचना. मग त्यानं मागून कामट्यांचं एक कडं काढलं, त्यावर पेंढा आवळून बांधलेला, आणि बोलता बोलता त्यात शेवंती खोचायला लागला. एक फूल, एक पान, एक फूल, एक पान. बघता बघता पेंढा दिसेनासा झाला. पैसे देताना म्हणाला, "रिंग परत आणली तर पन्नास रुपये वापस." मी नाही नेली परत. कशी नेणार?

तर माझं म्हणणं असं, की मराठीला रीथसाठी शब्द नाही ही काही तिची गरिबी नव्हे. इंग्रजीत तो शब्द आकारावरून पडलाय, मुळात त्याचा अर्थ पिळून-वळून केलेली वस्तू. आपल्याकडे बहुतेक वेळा ती वस्तू कुठे बसते ते आधी बघतात. गळ्यात असेल तर हार, दारावर असेल तर तोरण, केसांत वेणी नाहीतर गजरा, कपाळाला मुंडावळ्या. पोळ्याला बैलाच्या कपाळाला बाशिंग आणि गळ्यात घुंगरमाळ. झेंडू तोच, दोरा तोच, सुईसुद्धा तीच, पण जागा बदलली की नाव बदलतं. म्हणून "रीथला मराठीत काय" असं कुणी विचारलं की आपण उलट विचारायला हवं, कुठे लावणार?

आणि फुलंच पाहिजेत असंही नाही. होळी-पाडव्याला आमच्या खानदेशात साखरेचे हारकंगण येतात. पुण्याकडचे त्याला गाठी म्हणतात. म्हणोत बापडे. पण हारकंगण म्हटलं की त्यात गळा आणि मनगट दोन्ही आले. लहानपणी आम्ही ते गळ्यात घालून गल्लीभर हिंडायचो आणि घामानं साखर पाघळून मान चिकट व्हायची. संध्याकाळपर्यंत माळेचा नुसता दोरा उरायचा आणि मागे मुंग्या.

राग मला वेगळ्याच गोष्टीचा येतो. हे सगळे शब्द आता एकटा हार गिळत चाललाय. हार-तुरे, हार घातला, हार लावला. परवा एका लग्नात मांडववाल्याचा पोरगा ओरडत होता, "दरवाजाचे हार कुठंय?" अरे, तोरण! आणि जे हार खरोखर गळ्यात घालायचे, त्यांच्या झाल्या वरमाला, गुलाबाच्या, मांडीपर्यंत लोंबणाऱ्या, नवरा-नवरी वाकतील इतक्या जड. राहिलेलं सगळं डेकोरेशन.

(जाता जाता. कोरोना हा लॅटिन शब्द मुळात मुकुट किंवा फुलापानांचं कडं, याच अर्थाचा. विषाणू सूक्ष्मदर्शकाखाली तसा दिसला म्हणून १९६८ मध्ये त्या कुळाला हे नाव पडलं. आपण दोन-तीन वर्षं दिवसरात्र रीथ-रीथच करत होतो म्हणायचं.)

पुष्पचक्राला इतकी नावं ठेवल्यावर मलाच माझे शब्द थोडे गिळावे लागले. पुतणीसाठी म्हणून शोधायला बसलो तर नाताळच्या रीथचा एक भाऊबंद सापडला, मेणबत्त्या लावलेला. जर्मनीत हॅम्बुर्गला योहान हिन्रिख विखर्न नावाचे पाद्री गरीब पोरांचं वसतिगृह चालवायचे. नाताळ कधी, नाताळ कधी म्हणून पोरं रोज डोकं खायची. तेव्हा १८३९ साली त्यांनी गाडीचं एक जुनं चाक घेतलं आणि त्यावर मेणबत्त्या लावल्या, रविवारच्या चार मोठ्या पांढऱ्या आणि बाकीच्या दिवसांच्या लहान लाल. रोज एक पेटवायची. हिरवी डहाळी त्यावर नंतर आली. म्हणजे मूळ चाकच की हो! चक्र म्हणणारा माणूस अगदीच चुकलेला नव्हता.

आता प्रत्यक्ष वस्तू. आमच्याकडे डिसेंबरात टाकाऊ म्हणजे पऱ्हाट्या, कापसाची वाळकी झाडं. पुतणीनं बोंडं असलेल्या चार पऱ्हाट्या आणल्या आणि गोल वाकवायला गेली. पऱ्हाटी कुठली वाकते? काड काड मोडली. मग मी केळीचं सोपट, म्हणजे खोडाची साल, भिजवून त्याचा दोर वळून पाहिला, तर दोर झाला पण कडं उभं राहीना, लोळागोळा. आई ओट्यावर तुरीच्या शेंगा सोलत बसली होती. बराच वेळ आमची मजा बघत होती.

"काय करी ऱ्हायनी वं तू?" तिनं नातीला विचारलं. मग उठून आत गेली आणि माठाखालची चुंबळ घेऊन आली. आमच्या अहिराणीत ळ चा य होतो, पोळ्याचा पोया तशी चुंबळीची चुंबय. "हाई ले. यानावरच बांध."

जुन्या लुगड्याची चिंधी, पीळ देऊन गोल फिरवलेली, वरून सुतळीनं गच्च आवळलेली. हिच्यावर आईनं विहिरीचं पाणी आणलंय, चाऱ्याचे भारे आणलेत. डोक्यावर बसून बसून एका बाजूनं जरा दबलेली. पुतणीनं त्या पिळात एकेक बोंड खोचलं, मधे कडुनिंबाची पानं, आणि खाली सोपटाची गाठ. पांढरंशुभ्र, जरा वाकडं, पण झालं झकास. नाव काय लिहायचं यावर वाद झालाच नाही. पुष्पचक्र खोडून तिनं टपोऱ्या अक्षरात लिहिलं, चुंबळ.

शाळेतून परत आलं तेव्हा चुंबळीवर लाल पेनची काट होती आणि शेजारी लिहिलं होतं, पुष्पचक्र. दहापैकी सहा.

आईनं बोंडं उपटली, कापूस वातींसाठी वेगळा काढला आणि चुंबळ पुन्हा माठाखाली सरकवली. दोन-चार पानं तिच्यात अजून अडकलेली आहेत.