सिबिलविषयी फिरणाऱ्या संदेशातले एकेक विधान

सिडकोच्या सोडतीत घर लागलेल्यांच्या व्हॉट्सअ‍ॅप गटांवर गेले काही आठवडे एक संदेश फिरतो आहे. आमच्या नेरुळच्या सोसायटीच्या गटावर तो तीन वेगवेगळ्या सभासदांनी पाठवला. तळोज्याच्या घरासाठी कर्जाची धावपळ करणाऱ्या काही कुटुंबांनी तो खरा मानून तसे वागायलाही सुरुवात केली आहे, म्हणून हे लिहिणे मला भाग पडले. कर्ज देताना बँका जो सिबिल स्कोअर पाहतात, त्याविषयीचा तो संदेश असा आहे:

‘महत्त्वाची सूचना. सिबिल हे सरकारचे खाते आहे. स्वतःचा स्कोअर पाहू नका, दर वेळी दहा गुण कमी होतात. जुनी क्रेडिट कार्डे ताबडतोब बंद करा. बँकेत मोठी एफडी ठेवा, स्कोअर आपोआप चढतो. थकलेले कर्ज सेटलमेंट करून टाका, रेकॉर्ड साफ होते. ७५० च्या खाली कायद्याने गृहकर्ज मिळत नाही. एकदा काळ्या यादीत नाव गेले की सात वर्षे निघत नाही. आमच्याकडे पंधरा दिवसांत खात्रीशीर दुरुस्ती करून मिळेल.’ खाली एक मोबाइल क्रमांक आहे.

वाशीतल्या एका सहकारी बँकेच्या कर्ज विभागात मी २६ वर्षे नोकरी केली आणि त्यातली शेवटची बरीच वर्षे कर्जाच्या फायलीसोबत येणारे क्रेडिट रिपोर्ट वाचणे हेच माझे मुख्य काम होते. त्या अनुभवावरून सांगते, की या संदेशातले एकही विधान जसे लिहिले आहे तसे खरे नाही.

सिबिल सरकारी नाही. ट्रान्सयुनियन सिबिल ही २००० साली स्थापन झालेली एक कंपनी आहे. एक्सपीरियन, इक्विफॅक्स आणि क्रिफ हाय मार्क या आणखी तीन कंपन्या हेच काम करतात आणि फोटोकॉपीला आपण सरसकट झेरॉक्स म्हणतो तसे चौघींच्याही स्कोअरला ‘सिबिल’ म्हणतो. या चारही कंपन्यांना रिझर्व्ह बँकेची नोंदणी लागते व त्यांचा कारभार २००५ च्या क्रेडिट इन्फॉर्मेशन कंपनीज (रेग्युलेशन) अ‍ॅक्टखाली चालतो. बँका, वित्त कंपन्या आणि कार्ड देणाऱ्या संस्था जी माहिती पाठवतात, ती एकत्र करून या कंपन्या अहवाल तयार करतात आणि तिच्यावरून ३०० ते ९०० मधला एक आकडा काढतात. प्रत्येकीची आकडेमोड वेगळी असल्यामुळे एकाच माणसाचे चार स्कोअर थोडेफार वेगळे दिसतात आणि त्यात घाबरण्यासारखे काही नसते. कर्ज द्यायचे की नाही हे यांपैकी कोणतीही कंपनी ठरवत नाही, ते बँक ठरवते.

स्वतःचा स्कोअर पाहिला की गुण कमी होतात, हे विधान मला सर्वांत घातक वाटते, म्हणून त्यावर जरा थांबते. अहवालाच्या शेवटी ‘एन्क्वायरी’ नावाचा भाग असतो. आपण कर्जासाठी किंवा कार्डासाठी अर्ज केला आणि त्या संस्थेने आपला अहवाल मागवला, की तिथे संस्थेचे नाव, तारीख, कर्जाचा प्रकार आणि रक्कम नोंदली जाते. थोड्या दिवसांत अशा नोंदी एकापाठोपाठ एक पडल्या, तर हा माणूस पैशांसाठी अडला आहे असा अर्थ निघतो आणि स्कोअर काही गुणांनी उतरू शकतो. आपण स्वतः अहवाल उघडतो तेव्हा मात्र स्कोअरला काहीही होत नाही, मग तो वर्षातून एकदा उघडा किंवा दर महिन्याला. उलट रिझर्व्ह बँकेने चारही कंपन्यांना बंधन घातले आहे, की प्रत्येकीने ग्राहकाला वर्षातून एक पूर्ण अहवाल स्कोअरसह विनामूल्य दिला पाहिजे. तीन-तीन महिन्यांच्या अंतराने एकेका कंपनीचा अहवाल काढला, तर एक पैसाही न देता वर्षभर लक्ष ठेवता येते. दुसऱ्या कोणी आपला अहवाल पाहिला, तर आपल्याला एसएमएस किंवा ईमेलने कळवण्याचीही तरतूद आहे, तेव्हा या कंपन्यांकडे आपला चालू मोबाइल क्रमांक नोंदलेला असणे फार महत्त्वाचे आहे. सोडतीत घर लागलेल्यांनी खरी काळजी घ्यायची ती कर्ज मिळवून देणाऱ्या एजंटाची. तो एकच फाईल एकाच आठवड्यात पाच बँकांत टाकतो आणि त्या पाचही चौकश्या आपल्या नावावर पडतात.

स्वतःचा अहवाल न पाहिल्याने काय होते, ते मी याच वर्षी जवळून पाहिले. तुर्भ्याच्या मसाला मार्केटमध्ये एका गाळ्यावर दिवाणजी असलेले आमच्या ओळखीचे एक गृहस्थ आहेत. आयुष्यात त्यांनी कधी कार्ड घेतले नाही, कुणाचा हप्ता चुकवला नाही आणि तरीही बँकेने त्यांची गृहकर्जाची फाईल परत केली. ‘काकू, मी कुणाचा एक रुपया बुडवलेला नाही, मग हे आलं कुठून?’ असे म्हणत ते छापील अहवाल घेऊन आमच्याकडे आले. अहवालात प्रत्येक कर्जाखाली महिन्यांच्या चौकटी असतात, जास्तीत जास्त ३६ महिन्यांच्या, आणि प्रत्येक चौकटीत हप्ता किती दिवस थकला होता तो आकडा असतो. त्यांच्या नावावर एक वाहनकर्ज होते आणि शेवटच्या चौकटी अशा होत्या: ०००, ०००, ०३१, ०६२, ०९१. खात्याच्या प्रकारापुढे लिहिले होते ‘जामीनदार’. साडूच्या टेम्पोसाठी चार वर्षांपूर्वी त्यांनी सही केली होती आणि तो कागद ते विसरूनही गेले होते. भारतीय करार कायदा, १८७२ च्या कलम १२८ प्रमाणे, करारात वेगळे ठरले नसेल तर जामीनदाराची जबाबदारी मूळ कर्जदाराइतकीच असते, आणि अहवालातही ते कर्ज त्याच्या नावावर दिसते. थकबाकी ९० दिवसांच्या पुढे गेली, की बँकेच्या हिशेबात ते कर्ज एनपीए, म्हणजे अनुत्पादक कर्ज, ठरते. पहिली ०३१ ची चौकट दिसली असती, तर एका हप्त्यावर हे निभावले असते. पण ‘पाहू नका’ असे त्यांना कुणीतरी सांगितले होते आणि त्यांनी ते प्रामाणिकपणे पाळले होते.

जुनी कार्डे बंद करण्याचा सल्ला आकडे मांडले की चुकीचा ठरतो. समजा, एका कार्डाची मर्यादा १ लाख आणि दुसऱ्याची ५० हजार आहे आणि आपण दर महिन्याला ४५ हजार खर्च करतो. एकूण दीड लाखाच्या मर्यादेपैकी हा वापर ३० टक्के होतो, आणि साधारण तेवढ्यापर्यंतचा वापर ठीक समजला जातो. लाखाचे जुने कार्ड बंद केले, की तोच खर्च ५० हजारांपैकी ४५ हजार, म्हणजे ९० टक्के होतो. खर्च एका रुपयाने वाढलेला नसताना अहवाल सांगतो, की हा माणूस मर्यादेच्या कडेला आला आहे. वार्षिक शुल्क जड जात असेल किंवा कार्ड हातात असले की खर्च आवरत नसेल, तर ते जरूर बंद करावे. गृहकर्जाच्या अर्जाआधीच्या महिन्यात मात्र स्कोअर वाढेल या आशेने बंद करू नये.

एफडीचे विधान थोडक्यात संपते. बचत खात्यातली शिल्लक, एफडी आणि पगार यांवरून स्कोअर ठरत नाही, कारण तो उसने घेतलेले पैसे आपण कसे फेडले याचा आहे. सोसायटीचा मेंटेनन्स थकला तरी अहवालात येत नाही, कारण सोसायटी ही कर्ज देणारी संस्था नव्हे. मात्र मोबाइल शून्य टक्के हप्त्यावर घेतला असेल, तर ते कर्जच असते आणि त्याचा चुकलेला दीड हजारांचा हप्ताही गृहकर्जाच्या हप्त्यासारखाच नोंदला जातो. एफडीचा एक खरा उपयोग आहे, पण तो संदेशात नाही. ज्याच्या नावावर आजवर काहीच कर्ज नाही, त्याला एफडीच्या तारणावर लहान मर्यादेचे कार्ड मिळते आणि ते बिल वेळेवर भरत गेल्याने त्याची नोंद तयार होऊ लागते.

सेटलमेंटबद्दल मात्र मला पोटतिडकीने सांगावेसे वाटते, कारण वसुलीच्या फोनांनी हैराण झालेला माणूस या सल्ल्याला लगेच बळी पडतो. समजा, कार्डाची थकबाकी १ लाख १० हजार आहे आणि ६० हजारांत प्रकरण मिटवू असे वसुलीवाला सांगतो. ते ६० हजार भरले की फोन थांबतात, पण अहवालात त्या खात्यापुढे ‘क्लोज्ड’ (पूर्ण फेडून बंद) न येता ‘सेटल्ड’ येते, म्हणजे पूर्ण रक्कम न घेता संस्थेने उरलेली सोडून दिली. पुढे गृहकर्जाची फाईल माझ्यासारखीच्या टेबलावर येते तेव्हा स्कोअरच्या आधी नजर त्या शब्दावर जाते. नोकरी गेली, आजारपण आले, दुसरा मार्गच उरला नाही, तर सेटलमेंट करण्यात कमीपणा नाही, पण ते काय आहे हे ठाऊक असून करावे. ज्यांनी आधीच केले आहे त्यांनी त्या संस्थेला लेखी विचारावे, की उरलेली रक्कम भरल्यास खाते ‘क्लोज्ड’ दाखवाल का. पैसे भरून नो ड्यूज सर्टिफिकेट, म्हणजे काही देणे बाकी नसल्याचा दाखला, घ्यावे आणि पुढच्या महिन्यात अहवालात खरोखर बदल झाला का ते पाहावे.

७५० चा कायदा अस्तित्वात नाही. रिझर्व्ह बँकेने कर्जासाठी किमान स्कोअर ठरवून दिलेला नाही आणि प्रत्येक बँक आपल्या धोरणाप्रमाणे चालते. पहिल्यांदाच कर्ज मागणाऱ्याचा अर्ज केवळ जुनी नोंद नाही म्हणून फेटाळू नये, असे रिझर्व्ह बँकेच्या निर्देशांत आहे आणि केंद्रीय वित्त राज्यमंत्री पंकज चौधरी यांनी २०२५ च्या पावसाळी अधिवेशनात ते संसदेत सांगितलेही. तेव्हा घणसोलीतल्या पहिल्या नोकरीवरच्या मुलीने स्कोअरच्या जागी आकडा नाही म्हणून हताश होण्याचे कारण नाही. स्कोअरचा परिणाम मात्र व्याजदरावर होतो, कारण अनेक बँका दर त्याला जोडतात. २५ लाखांच्या २० वर्षांच्या कर्जावर साडेआठ टक्क्यांऐवजी नऊ टक्के दर लागला, तर हप्ता महिन्याला सुमारे ८०० रुपयांनी वाढतो आणि पूर्ण मुदतीत १ लाख ९० हजारांच्या आसपास जास्त जातात. कर्ज मिळाले की स्कोअरचा विषय संपला असे समजणाऱ्यांनी हा हिशेब जरूर करून पाहावा.

काळी यादी नावाचे काही क्रेडिट कंपन्यांकडे नसते. जाणूनबुजून कर्ज बुडवणाऱ्यांची वेगळी नोंद ठेवली जाते, पण ती २५ लाख व त्यावरील थकबाकीसाठी असते आणि तिची प्रक्रियाच निराळी आहे. सात वर्षांचा आकडा आला आहे तो नियमातूनच, फक्त उलटा वाचून. कंपन्यांनी माहिती किमान सात वर्षे जपून ठेवावी असा तो नियम आहे. सातव्या वर्षी सारे पुसले जाईल असे त्यात म्हटलेले नाही आणि सात वर्षे कर्ज मिळणार नाही असेही नाही. जुन्या चुकीनंतर दीड-दोन वर्षे हप्ते नीट गेले, तर स्कोअर सावरतो. २०२५ पासून संस्थांना महिन्यातून किमान दोनदा माहिती पाठवावी लागते, त्यामुळे भरलेल्या पैशांची नोंदही पूर्वीपेक्षा लवकर दिसते.

उरली ती खात्रीशीर दुरुस्ती. अहवालात चुका असतात, हे खरे आहे. फेडलेले कर्ज चालू दिसते, सारख्या नावाच्या दुसऱ्या माणसाचे खाते आपल्याकडे येते, कधी कुणी आपल्या पॅनवर कर्ज काढलेले असते. अशी चूक दाखवून देणे विनामूल्य आहे आणि ते घरबसल्या क्रेडिट कंपनीच्या संकेतस्थळावर करता येते. कंपनी ती तक्रार संबंधित संस्थेकडे पाठवते, कारण संस्थेने मान्य केल्याशिवाय नोंद बदलण्याचा अधिकार कंपनीलाही नाही. तक्रार ३० दिवसांत निकाली निघाली नाही, तर पुढच्या प्रत्येक दिवसासाठी १०० रुपये भरपाई ग्राहकाला देण्याचा रिझर्व्ह बँकेचा नियम आहे. तेवढ्यानेही भागले नाही, तर एकात्मिक लोकपाल योजनेखाली रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे दाद मागता येते आणि तिथेही शुल्क नाही. जी नोंद खरी आहे ती मात्र कुणालाच काढता येत नाही. पंधरा दिवसांत दुरुस्ती करून देणारा माणूस आपल्याच नावाने हीच तक्रार भरतो, त्यासाठी आपले पॅन, आधार आणि ओटीपी मागून घेतो आणि वर हजारो रुपये लावतो. ओटीपी एकदा दिला, की आपल्या नावावर आणखी काय काय होऊ शकते हे वेगळे सांगायला नको.

दिवाणजींना मी त्या क्रमांकावर फोन करू दिला नाही. साडूबरोबर बसून दोघांनी टेम्पोचे थकलेले हप्ते भरले, भरल्याची पावती आणि वित्त कंपनीचे पत्र घेतले आणि दोन महिन्यांनी नवा अहवाल काढला. त्यात शेवटच्या दोन चौकटींत ००० आले होते आणि त्यांच्या शेजारी ०९१ जसेच्या तसे होते. ती पावती, ते पत्र आणि तो अहवाल जोडून त्यांनी फाईल पुन्हा दिली तेव्हा बँकेने ती ठेवून घेतली, पत्नीला सहकर्जदार करायला सांगितले आणि दर पाव टक्का जास्त लावला.