किंमत विचारली होती, भीक नव्हती मागितली

आज सकाळी अकराच्या सुमारास मुंबईच्या एका चित्रांच्या डीलरचे व्हॉट्सॲपवर दोन शब्द आले. 'सोल्ड मॅडम.' पुढं हात जोडल्याचं चित्र. सात आठवडे मी एका आकड्याची वाट बघत होते. तो आकडा शेवटपर्यंत आलाच नाही.

तेवढ्यावर मी गप्प बसले असते. आपल्याला हवं असलेलं चित्र दुसऱ्याला मिळतं, हे मला नवीन नाही. पण दुपारी त्याच डीलरचं इन्स्टाग्राम उघडलं आणि हात कापायला लागले. चित्राच्या फोटोखाली इंग्रजीत चार ओळी लिहिल्यात. चित्रकार पंचगंगेच्या घाटावर बसले होते, पावसाची सर आली, आकाशाच्या ओल्या वॉशवर (पातळ रंगाच्या थरावर) तीन थेंब पडले आणि त्यांनी ते तसेच राहू दिले. ही गोष्ट दोनच माणसांना माहीत होती. ते चित्रकार, म्हणजे माझे सर, जाऊन बरीच वर्षं झाली. राहिले मी.

जुलै १९८३. मी ए.टी.डी.च्या (चित्रकला शिक्षकाच्या पदविकेच्या) पहिल्या वर्षाला. नदी चढलेली, खालची देवळं निम्मी पाण्यात. सर पायरीवर मांडीवर बोर्ड घेऊन बसलेले आणि छत्री धरायला मी. वाऱ्यानं छत्री उलटली आणि डाव्या कोपऱ्यात तीन थेंब पडले. दोन जवळजवळ, एक जरा लांब, कडेला. रंग फुलासारखा पसरला. मी रडायच्या बेतात. सर म्हणाले, "असू दे गं. पाऊस होता हे कळायला नको व्हय?"

दीड-पावणेदोन महिन्यांपूर्वी मोबाइल बघता बघता ते तीन थेंब समोर आले. सही बघायच्या आधी मी चित्र ओळखलं. (सरांचं नाव इथं मुद्दाम लिहीत नाही. आमच्या बॅचला माहीत आहे, तेवढं पुरे.)

मी मेसेज केला, किंमत कळवाल का? उत्तर आलं, 'विल रिव्हर्ट मॅडम.' चार दिवस काही नाही. फोन केला, उचलला नाही. परत मेसेज, दोन निळ्या खुणा. दहाव्या दिवशी उलटा प्रश्न, 'तुमचं बजेट काय?' अहो, वस्तू तुमची, दुकान तुमचं, भाव मी सांगायचा? तरी सांगितला. पेन्शनीत जमतील ते चाळीस हजार. पुन्हा दोन निळ्या खुणा. मग मला वाटलं, हा मला चित्र घेऊन लगेच विकणारी समजत असेल, म्हणून त्या तीन थेंबांची सगळी गोष्ट लिहून पाठवली. त्यावर मात्र दोन मिनिटांत उत्तर आलं. 'ब्युटिफुल स्टोरी मॅडम.'

आता कळतंय ते का आवडलं.

माझे आबा शेतकरी. १९७४ साली वडगावच्या जनावरांच्या बाजारात खिल्लारी जोडी विकायला गेले तेव्हा मला बरोबर नेलं होतं. मी नऊ वर्षांची. हेड्यानं, म्हणजे जनावरांच्या दलालानं, आबांचा हात हातात घेतला, वरून टॉवेल टाकला आणि आत बोटं दाबायला सुरुवात केली. हजार तोंडानं ठरलेलं, वरचे शंभर बोटांवर. एक बोट धरलं की शंभर, पंजा धरला की पाचशे, हे आबांनी वाटेत शिकवलं होतं. मी फारच वाकून बघायला लागले तेव्हा आबांनी माझा हात धरून टॉवेलखाली घातला. "बघ की, काय म्हणतोय त्यो." हेड्याचा तळवा घामानं ओला, कासऱ्यानं घट्टे पडलेला. त्यानं माझी तीन बोटं धरली. आबा मानेनं नाही म्हणाले. पुन्हा टॉवेल, पुन्हा बोटं. चारवर सौदा पटला. तिथंच इसार हातावर, तिथंच चहा.

हे मी आज का सांगतेय? भाव टॉवेलखाली झाकला होता खरा, पण हेड्या कुठं झाकला होता? दोन हातांवर उभा होता, आबांच्या डोळ्यात बघत. पटत नसेल तर मान हलवत होता. त्या बाजारात कुणी कुणाचा हात धरून ठेवून सात आठवडे गायब झाला असता तर बाजारानंच त्याला वेशीबाहेर काढला असता.

आपल्याकडं चित्रं घेणारे सगळे कोट्यधीश असतात असा एक समज आहे. मी हायस्कूलला चित्रकला शिकवली. वीस-बावीस वर्षांत साठवून साठवून चौदा चित्रं घेतली, एकही भिंत दाखवायला नाही. घासाघीस मला कळते आणि घासाघीस मला अपमानाची वाटत नाही. एका भंगारवाल्या भाऊंकडं मला रविवर्मा प्रेसचा एक ओलिओग्राफ (तैलचित्रासारखा रंगीत छाप) मिळाला. खाली कार्ला-लोणावळ्याचं छापील नाव, कडा वाळवीनं खाल्लेल्या. मी भिंग लावून बघितलं. नंतरच्या ऑफसेट छपाईत ठिपके ओळीनं शिस्तीत बसतात, जुन्या शिळाछापात दाणा वेडावाकडा असतो. भाऊ शांतपणे माझं बघणं बघत होते. म्हणाले, "ताई, नऊ हजार. तुम्ही सात म्हणाल, साडेसातला द्यीन." अर्ध्या मिनिटात झालं. पैसे चार महिन्यांत फेडले, तोवर चित्र त्यांच्या पत्र्याच्या शेडमध्ये भिंतीकडं तोंड करून उभं, मागं खडूनं माझं आडनाव. पंधरा हजार देणारा एकजण येऊन गेला हे मला नंतर त्यांच्या मुलाकडून कळलं. भाऊ स्वतः कधी बोलले नाहीत.

याला मी व्यापार म्हणते.

बरं, डीलरलाही त्रास असतो, मान्य. रोज पन्नास लोक नुसता भाव विचारून जातात. आणि त्यानं ते चित्र कुणाच्या तरी माळ्यावरून काढलं नसतं तर आजवर वाळवीनं संपवलं असतं, हेही मान्य. झालं माझं मान्य करून.

पण किंमत लपवायची कशासाठी? मार्च २०२५ मध्ये न्यूयॉर्कला हुसेनांचं 'ग्रामयात्रा' ११८ कोटींच्या घरात गेलं आणि दुसऱ्या दिवशी चहाच्या टपरीवर पेपरात लोकांनी तो आकडा वाचला. लिलावात अंदाजी किंमत आधी छापतात, हातोडा कितीवर पडला ते सांगतात, वर त्यांचं कमिशन आणि जीएसटी किती तेही लिहिलेलं असतं. ११८ कोटी उघड, आणि घाटावरच्या एका मास्तरांच्या वीतभर जलरंगाचा भाव गुप्त! कारण सरळ आहे. भाव बोलला की तो सगळ्यांना सारखा होतो. नाही बोलला की समोरच्याची गाडी, आडनाव, गाव बघून ठरवता येतो. आणि गाव कोल्हापूर, बाई निवृत्त शिक्षिका, म्हटल्यावर तर बोलायचीच गरज नाही.

मी मुंबईला पण गेले. हे घरी सांगितलं नव्हतं, आता इथं वाचतील. महालक्ष्मी एक्सप्रेसनं रात्र काढली, सकाळी स्टेशनवरच तोंड धुतलं आणि अकराला त्या दाराशी उभी राहिले. बेल, वर कॅमेरा, आतून आवाज, "अपॉइंटमेंट आहे का?" नव्हती. अपॉइंटमेंट द्यायला तरी फोन उचलावा लागतो ना. शेवटी तिथल्या मुलीला दया आली असेल, तिनं आत घेतलं, पाणी दिलं. पोरगी गुणी होती, तिच्यावर माझा काडीचा राग नाही. म्हणाली, "किंमत फक्त सरांना माहीत असते मॅडम, आणि सर परदेशात आहेत." तिचे सर म्हणजे तो डीलर.

चित्र जमिनीवर भिंतीला टेकवून ठेवलेलं. बेचाळीस वर्षांनी बघत होते. गुडघ्यावर बसले. नवी सोनेरी फ्रेम, आणि माउंट (चित्राभोवतीची पुठ्ठ्याची चौकट) इतका आत कापलेला की कडेचा तिसरा थेंब झाकून गेलाय. दोनच दिसतात. दीपमाळेशेजारी कागदावर तपकिरी डाग उठायला लागलेत, बुरशीचे. मी त्या मुलीला म्हटलं, याला आम्लमुक्त माउंट घाला, काचेला कागद चिकटू देऊ नका, आणि हा थेंब उघडा करा. तिनं वहीत लिहून घेतलं. परतीच्या गाडीत मला वाटलं, आता तरी माणूस फोन करेल. आपण एवढं आलो, बघितलं, डाग सांगितले, ही बाई घेणारच आहे हे कुणालाही कळेल.

आबांच्या त्या सौद्यात आणखी एक गोष्ट होती. चारशेवर पटायच्या आधी हेड्या एकदा टॉवेल झटकून निघून गेला होता. पण जाताना म्हणाला, "पाटील, माझ्याच्यानं हुईना." आबांना कळलं, दुसरा गिऱ्हाईक बघायला मोकळे. घटकाभरानं तोच परत आला ती गोष्ट वेगळी. मला सात आठवड्यांत 'तुमच्याच्यानं होणार नाही बाई' एवढं एक वाक्य मिळालं असतं तरी चाललं असतं. मी चार सोन्याच्या बांगड्यांकडं बघत बसले नसते.

आपल्या गावाला कलापूर म्हणतात आणि आपण ते ऐकून छाती फुगवतो. १९२२ साली शाहू महाराज गेले तेव्हा चित्रकार आबालाल रहिमान यांनी दुःखाच्या भरात आपली चित्रं कोटितीर्थ तळ्यात बुडवली, असं इथं पिढ्यान् पिढ्या सांगतात. मी दरवर्षी पोरांना टाउन हॉल म्युझियमला न्यायची आणि ही गोष्ट सांगायची. पोरं विचारायची, बाई, तळ्यात उतरून काढता येतील का? तळ्यातली नाही येणार रे. पण पेठांतल्या माळ्यांवरची, ट्रंकांतली? ती रोज चाललीत. १९७२ च्या कायद्यानं शंभर वर्षं झालेलं चित्र देशाबाहेर नेता येत नाही. रविवर्मा, अमृता शेरगिल अशा नऊ चित्रकारांचं तर कितीही सालचं असो, नाही. कोल्हापूरच्या बाहेर जायला मात्र एका पिशवीची गरज आहे. नातवंडांना फ्लॅटमध्ये अडगळ नको असते, दोन-चार हजार हातावर पडतात, आणि पुढच्या वर्षी तेच चित्र मुंबईत 'प्राइस ऑन रिक्वेस्ट'.

दुकानाचं नाव लिहा म्हणून दोघींचे फोन आले. नाही लिहिणार. एकाचं नाव लिहून काय होतंय, असे मला आजवर पाच भेटलेत.

संध्याकाळी राग जरा उतरला. वाटलं, ज्यानं घेतलं त्याला ते आवडलंच असेल. लहान मूल असेल त्या घरात, जेवताना बघत बसेल त्या पाण्याकडं. बरंच आहे. सरांनी ते चित्र तेव्हाही विकायलाच काढलं होतं, मला द्यायला नव्हे.

मंगळवार पेठ, शिवाजी पेठ, उत्तरेश्वर, कुणाच्याही घरात सरांचं किंवा त्यांच्या बरोबरीच्या कुणाचंही चित्र पडून असेल तर मला सांगा. विकायचं नसेल तर नुसतं दाखवा, डाग पडलेत का तेवढं बघून जाते, पैसे नकोत. विकायचं असेल तर तुमचा भाव सांगा, माझा मी सांगते, नाही जमलं तर तोंडावर सांगते आणि चहा पिऊन जाते. फोन मी उचलते.

आणि ज्यांनी ते घाटाचं चित्र घेतलंय त्यांच्यापर्यंत ही पोस्ट कुणीतरी पोचवा. फ्रेमवाल्याकडून डाव्या बाजूनं माउंट अर्धा इंच सैल कापून घ्या. तिसरा थेंब तिथं आहे.