टीबीच्या रुग्णाचे ताट वेगळे करू नका, खिडकी उघडा

आमच्या इमारतीतल्या एका घरात सुनेला फुफ्फुसाचा टीबी निघाला आणि औषधाची पहिली गोळी पोटात जाण्याआधीच तिचे ताट, वाटी आणि पेला वेगळा झाला. भांडी मिसळू नयेत म्हणून त्यांच्या तळाला लाल नेलपॉलिशचे ठिपके लावले गेले. तिला ज्या आतल्या खोलीत झोपायला सांगितले, तिथली एकुलती एक खिडकी मात्र ‘वारं लागून खोकला वाढेल’ म्हणून बंद करण्यात आली. घरची माणसे दुष्ट नव्हती. त्यांना जे ठाऊक होते ते त्यांनी काळजीपोटीच केले. म्हणूनच मला वाटते की टीबी पसरू नये यासाठी काय करावे हे सांगताना कोणती गोष्ट खरोखर उपयोगाची आणि कोणती निरर्थक, हे आपली आरोग्ययंत्रणा आणि आपण सुशिक्षित म्हणवणारे लोक पुरेशा स्पष्टपणे सांगत नाही, आणि त्याचा त्रास सर्वांत जास्त रुग्णाला, त्यातही बाईला, भोगावा लागतो.

टीबी हवेतून पसरतो. फुफ्फुसाचा टीबी असलेली व्यक्ती खोकते, शिंकते, मोठ्याने बोलते तेव्हा जंतू असलेले अतिशय सूक्ष्म कण बाहेर पडतात आणि कोंदट खोलीत ते कित्येक तास तरंगत राहतात. तीच हवा दिवसचे दिवस श्वासावाटे आत घेणाऱ्याला धोका असतो. एका ताटात जेवल्याने, एका पेल्यातून पाणी प्यायल्याने, कपडे एकत्र धुतल्याने किंवा हात हातात घेतल्याने टीबी होत नाही. उघड्या खिडक्यांतून आरपार वाहणारे वारे हे कण पातळ करते आणि ऊन जंतूंना मारते. म्हणजे त्या घराने जे केले त्याने काही साधले नाही, आणि जे साधले असते ते खिडकीबरोबर बंद झाले. मानेतल्या गाठीचा किंवा मणक्याचा टीबी तर, फुफ्फुसात आजार नसेल तर, सहसा दुसऱ्याला होतच नाही. तरीही त्या कारणावरून मुलींची ठरलेली लग्ने मोडतात, आणि हे सांगणारी एक ओळसुद्धा मला कुठल्या फलकावर दिसलेली नाही.

रुग्णाला घरापासून तोडण्याची गरज नाही, हे तर आपल्याच देशात सिद्ध झाले आहे. मद्रासच्या क्षयरोग औषधोपचार केंद्राने 1950 च्या दशकात काही रुग्णांना सॅनेटोरियममध्ये, म्हणजे टीबीच्या रुग्णांसाठीच्या वेगळ्या रुग्णालयात, आणि काहींना त्यांच्या दाटीवाटीच्या, गरिबीच्या घरांत ठेवून उपचार दिले. 1959 मध्ये प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांत दोन्ही गटांचे बरे होण्याचे प्रमाण जवळपास सारखे निघाले. पुढे पाच वर्षे घरच्यांवर लक्ष ठेवले, तेव्हा घरी उपचार घेणाऱ्यांच्या कुटुंबात टीबी जास्त झाला असे काही आढळले नाही. जगभरातली सॅनेटोरियमे ओस पडण्यात या अभ्यासाचा मोठा वाटा आहे. त्याला साठ वर्षे उलटून गेली तरी आपण घरातल्या घरात सॅनेटोरियम उभारतो आहोत.

रुग्ण घरी राहूनही घरच्यांत टीबी वाढला नाही, यामागचे कारण समजून घेण्यासारखे आहे. सर्वाधिक संसर्ग होतो तो निदान होण्याआधीच्या काळात, जेव्हा माणूस ‘हवा बदलली, धुळीचा खोकला आहे’ असे म्हणत मेडिकलमधून बाटली आणून पीत असतो. नेहमीच्या औषधांना दाद देणाऱ्या टीबीत योग्य उपचार सुरू झाला की साधारण दोन आठवड्यांत संसर्गाची शक्यता झपाट्याने उतरते (औषधांना दाद न देणाऱ्या टीबीत डॉक्टर सांगतील ते पाळावे). म्हणजे आपण रुग्णापासून लांब पळतो ते नेमके तो सुरक्षित होत चाललेला असताना. म्हणून पहिली सूचना ही हवी: दोन आठवड्यांहून जास्त खोकला असेल तर बेडका तपासून घ्या. सरकारी केंद्रात ही तपासणी मोफत होते. गोव्यातल्या कंपनीने विकसित केलेले ट्रूनॅट यंत्र काही तासांत निदान करते आणि रिफॅम्पिसिन या टीबीच्या मुख्य औषधाला जंतू दाद देतात का तेही सांगते. उपचार सुरू झाल्यावर पहिले काही आठवडे रुग्णाने मास्क लावावा, वेगळे झोपावे, ते हवेशीर जागी, आणि सहा महिन्यांचा औषधांचा कोर्स पूर्ण करावा. बरे वाटले की दुसऱ्या-तिसऱ्या महिन्यात गोळ्या सोडणे हे वेगळ्या ताटापेक्षा शंभर पटींनी घातक आहे.

दुसरी सूचना घरच्यांसाठी आहे आणि तीच सर्वांत दुर्लक्षित आहे. टीबी झालेला नाही याची खात्री करून घरातल्या सर्व वयांच्या माणसांना प्रतिबंधक औषध देण्याचे धोरण 2021 पासून आहे. आशाताई गोळ्या घेऊन दारात येतात आणि ‘आम्हाला काय झालंय?’ म्हणून घरचे त्यांना परत पाठवतात. शरीरात झोपलेला जंतू वर्षानुवर्षांनी जागा होऊ शकतो, हे शांतपणे समजावून सांगायला त्या बाईला वेळ आणि मान दोन्ही द्यायला हवे.

खिडकी उघडा म्हणताना एक गोष्ट मला डाचते. मुंबईतल्या गोवंडी-मानखुर्दच्या पुनर्वसन वसाहतींत दोन इमारतींमधले अंतर काही ठिकाणी जेमतेम तीन मीटर आहे. खालच्या मजल्यांवर ऊन पोचत नाही, वारे फिरत नाही, आणि तिथल्या टीबीचा या रचनेशी संबंध असल्याचे पाहणीतून पुढे आले आहे. तिथल्या बाईने खिडकी उघडली तरी समोर भिंतच येते. असे नकाशे मंजूर करणाऱ्यांनाही रोगप्रतिबंधाच्या सूचना लागू व्हायला हव्यात.

पोटाचेही तेच. झारखंडमधल्या चार जिल्ह्यांत झालेल्या आणि 2023 मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात रुग्णाच्या घरच्या प्रत्येक प्रौढ माणसाला महिन्याला पाच किलो तांदूळ, दीड किलो डाळ आणि जीवनसत्त्वांच्या गोळ्या दिल्या, तेव्हा त्या घरांत टीबीचे नवे रुग्ण 39 टक्क्यांनी कमी झाले. निक्षय पोषण या सरकारी योजनेतून आहारासाठी रुग्णाला आता महिन्याला 1000 रुपये मिळतात. ते वेळेवर खात्यात पडावेत आणि घरच्यांच्या ताटाचाही विचार व्हावा, ही मागणी आपण लोकप्रतिनिधींकडे लावून धरली पाहिजे.

आणि दवाखाने चालवणाऱ्यांना एक विनंती आहे. खोकणाऱ्या रुग्णाला बंद बोळातल्या बाकावर तान्ह्या मुलांच्या शेजारी दोन-दोन तास बसवू नका. दारातच मास्क द्या, व्हरांड्यात मोकळ्या हवेत बसवा आणि त्याचा नंबर आधी घ्या.