मार्च आला की तोच फोन

दरवर्षी तेच! ऑफिसातून गुंतवणुकीच्या पावत्या मागणारा मेल आला की एजंटचा फोन ठरलेला. "८०सी बाकी असेल ना? ही पॉलिसी घेऊन टाका." ८०सी म्हणजे ठरावीक गुंतवणूक आणि खर्चावर करात वजावट देणारं कलम. अहो, माझा पीएफ कापला जातो, लेकीची शाळेची फी भरतो, गृहकर्जाची मुद्दल फेडतो. १.५ लाखाची मर्यादा त्यातच संपते. हे आधी विचारायला काय जातं? माझ्या भावाने अशीच घाईघाईत सही केली, आता २० वर्षं हप्ते भरतोय आणि विमा जेमतेम. ईएलएसएसमध्ये, म्हणजे कर वाचवणाऱ्या म्युच्युअल फंडात, पैसे ३ वर्षं अडकतात, पीपीएफ या सरकारी बचत योजनेची मुदत १५ वर्षं, हा फरकसुद्धा कुणी समजावून सांगत नाही. संताप याचा येतो, की नव्या करप्रणालीत ८०सीची वजावटच नाही, तरी ती निवडलेल्या माणसाच्या गळ्यात 'टॅक्स वाचेल' म्हणून पॉलिसी मारतात!