नव्या पीजी गाइडला चार समजुतीच्या गोष्टी

सर्जरीचे पीजी गाइड, म्हणजे एमएस करणाऱ्यांचे मार्गदर्शक, झालात? अभिनंदन. रेसिडेंटचा, म्हणजे शिकाऊ सर्जनचा, ऑपरेशनमधला हात तपासायचं काम आता तुमच्याकडे आलंय, पण ते फार मनावर घेऊ नका. आपल्याकडे ग्रेड पूर्वापार ठरलेले आहेत: ‘हात चांगला आहे’, ‘होईल हळूहळू’ आणि ‘बाळा, तू डर्मा (त्वचारोग) घ्यायला हवं होतंस’. भूलतज्ज्ञ मॅडम घड्याळाकडे किती वेळा बघतात, त्यावर यांतला एक निवडावा.

टोरांटोच्या सर्जन मंडळींचं एवढ्यावर भागलं नाही. 1997 साली त्यांनी हाताचं कौशल्य मोजायची ‘ओसॅट्स’ नावाची पद्धत मांडली. रेसिडेंटला ठरावीक कामं द्यायची, आतडं जोड, पोट शिव, आणि सात मुद्द्यांवर 1 ते 5 गुण द्यायचे. टिश्यू जपून हाताळतो का, हालचाली वाया घालवतो का, असिस्टंटचा नीट उपयोग करून घेतो का. 1, 3 आणि 5 कशाला द्यायचे तेही छापलेलं. म्हणजे तुमच्या खुर्चीत दुसरा कुणी बसला तरी गुण साधारण तेच! मग तुमच्या ज्येष्ठतेला विचारतो कोण? असला फॉर्म समोर आलाच तर सातही ठिकाणी 4 ठोका. 2 दिले तर शिकवावं लागतं, 5 दिले तर पुढची केस त्याला द्यावी लागते.

लॉगबुकवर, म्हणजे रेसिडेंटच्या केसेसच्या नोंदवहीवर, वेळच्या वेळी सही करायची सवय लावू नका. परीक्षेच्या आदल्या आठवड्यात तीन वर्षं एका बैठकीत उरकतात. दोन तास रिट्रॅक्टर (जखम उघडी धरायचं हत्यार) धरून उभा होता ना? लिहू द्या, ‘देखरेखीखाली केली’. देखरेख त्याचीच होती.

व्हिडिओ मात्र चुकूनही काढू देऊ नका. मिशिगनमध्ये लठ्ठपणाच्या शस्त्रक्रिया करणाऱ्या 20 सर्जननी आपापला एकेक व्हिडिओ दिला, आणि तो कुणाचा हे न सांगता इतर सर्जनकडून त्याला गुण घेतले. 2013 साली निकाल छापून आला: गुणांत तळाच्या गटाच्या रुग्णांत गुंतागुंत 14.5 टक्के, वरच्या गटाच्या 5.2. आणि हे सगळे ट्रेनिंग कधीच संपवून बसलेले. कशाला ती उठाठेव!

राहता राहिली एमएसची प्रॅक्टिकल. लाँग केस घ्या, शॉर्ट केस घ्या, एक्स-रे दाखवा, ट्रेमधले ॲलिस आणि बॅबकॉक हे चिमटे ओळखायला लावा. हर्नियाच्या पायऱ्या तोंडपाठ म्हणून घ्या. एखादा एक्स्टर्नल (बाहेरून आलेला परीक्षक) ‘जरा एक टाका घालून दाखव’ म्हणालाच, तर लगेच उठा आणि म्हणा, ‘सर, जेवण लागलंय.’